भिंतीवरचे इन्सुलिन

लंडनच्या ‘जॉन लाइन अँड सन्स’ या कंपनीने १९५१ साली बाजारात आणलेल्या एका वॉलपेपरचे नाव ‘इन्सुलिन’ होते. रॉबर्ट सेव्हंट या डिझायनरने तो तयार केला होता. त्यावर गुलाब नव्हते, वेलबुट्टी नव्हती, पक्षीही नव्हते. एकात एक गुंतलेली वळसेदार वर्तुळे, त्यांच्यामधून वाट काढत जाणाऱ्या बारीक रेषा आणि ठरावीक अंतरावर पुन्हा तोच मेळ, एवढेच होते. या रेषा सेव्हंटने कल्पनेतून काढल्या नव्हत्या. ऑक्सफर्डच्या स्फटिकशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून जो नकाशा मिळवला, त्याच्या त्या रेषा होत्या. मधुमेहाच्या औषधाचा रेणू अशा रीतीने दिवाणखान्याच्या भिंतीवर आला.

हा एकटादुकटा प्रयोग नव्हता. ब्रिटनमधील २८ उत्पादकांनी त्या वर्षी स्फटिकांच्या आकृत्यांवरून नक्ष्या तयार केल्या. त्यात वॉलपेपर होते, पडद्यांचे व कपड्यांचे कापड होते, गालिचे, काच, चिनीमातीची भांडी, प्लॅस्टिकचे पत्रे आणि टायही होते. या समूहाला ‘फेस्टिव्हल पॅटर्न ग्रुप’ असे नाव होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर विज्ञानाने प्रेरित झालेल्या सजावटीची लाट युरोप-अमेरिकेत सगळीकडेच होती. पण शास्त्रज्ञांनी स्वतः पुढाकार घेऊन, मूळ आकृतीची अचूकता जपण्याचा आग्रह धरत केलेले काम म्हणून या समूहाला वेगळे स्थान आहे.

वॉलपेपर आणि स्फटिक यांची जोडी जमली यामागे एक भक्कम कारण आहे. वॉलपेपरची गुंडाळी साधारण १० मीटर लांब आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद असते. भिंत झाकायची तर असे अनेक पट्टे शेजारीशेजारी चिकटवावे लागतात आणि एका पट्ट्याच्या कडेवर अर्धवट राहिलेली रेषा शेजारच्या पट्ट्यावर तंतोतंत पुढे जावी लागते. म्हणून नक्षीचा एक तुकडा ठरवतात आणि तोच खाली-वर, डावी-उजवीकडे पुन्हा पुन्हा छापतात. या तुकड्याला धंद्यात ‘रिपीट’ म्हणतात. स्फटिकाचेही तसेच आहे. मीठ, गारगोटी, हिरा, साखर यांतील अणू अस्ताव्यस्त पडलेले नसतात. अणूंची एक छोटी मांडणी, जिला शास्त्रज्ञ एकक कोष म्हणतात, ती तिन्ही दिशांना कोट्यवधी वेळा जशीच्या तशी येत राहते. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके मांडतात आणि मग त्यांच्या आधाराने रेषा ओढतात, तसे स्फटिकात आधी समान अंतरावरच्या बिंदूंचे एक जालक असते आणि प्रत्येक बिंदूभोवती अणूंचा तोच मेळ बसलेला असतो. या मांडणीची एका सपाट पृष्ठावर पडलेली छाया काढली की छापायला तयार असलेली वॉलपेपरची नक्षीच हाती येते. रिपीट कुठे सुरू करायचा आणि कुठे संपवायचा, हे निसर्गाने आधीच ठरवून ठेवलेले असते.

हे नाते गणितातही सिद्ध झालेले आहे. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांना पुनरावृत्त होणारी नक्षी किती प्रकारांनी सममित असू शकते, याचे उत्तर रशियन स्फटिकशास्त्रज्ञ येवग्राफ फेदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये दिले: फक्त १७ प्रकारांनी. हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९२४ मध्ये हाच निष्कर्ष स्वतंत्रपणे काढला. गणिताच्या पुस्तकांत या १७ प्रकारांना आज ‘वॉलपेपर गट’ असेच म्हणतात. अशा नक्षीत दोन, तीन, चार किंवा सहा वळणांची फिरती सममिती येऊ शकते. पाचाची कधीच येत नाही, कारण नियमित पंचकोन एकमेकांना खेटून ठेवले तर मध्ये फटी राहतात. वॉलपेपर छापणारे कारागीर हे नियम पिढ्यान्‌पिढ्या न शिकताच पाळत आले होते. शेजारच्या पट्ट्यावर नक्षी अर्ध्या रिपीटने खाली सरकवायची, म्हणजे फुले आडव्या रांगेत कवायत करत असल्यासारखी दिसत नाहीत, ही त्यांची जुनी युक्ती. स्फटिकशास्त्रात याच मांडणीला केंद्रित आयताकृती जालक म्हणतात.

भिंतीवरची नक्षी कशी असावी, यावर ब्रिटनमध्ये शंभर वर्षे वाद चालू होता. एकोणिसाव्या शतकात यंत्रावर छापलेले स्वस्त वॉलपेपर घरोघरी गेले तेव्हा त्यांवर छायाप्रकाश दाखवून उठावदार केलेले फुलांचे गुच्छ असत. ओवेन जोन्स यांच्यासारख्या सुधारकांचे म्हणणे होते की भिंत सपाट आहे, तेव्हा तिच्यावरची सजावटही सपाटच असली पाहिजे. तिने खोलीचा आभास निर्माण करू नये. १८५६ सालच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात जोन्स यांनी अरबी, भारतीय, चिनी अशा अनेक परंपरांतील भौमितिक नक्ष्या गोळा केल्या त्या याच विचाराने. पुढे विल्यम मॉरिस यांनी पानाफुलांना भिंतीच्या सपाटपणात नेमके बसवून दाखवले. त्यानंतर मात्र वॉलपेपर हा प्रकार बराच काळ मॉरिसच्या आणि जुन्या फ्रेंच नमुन्यांच्या नकलांवर जगला. आधुनिक वास्तुकारांनी तर पांढऱ्या भिंतीच पसंत केल्या. स्फटिकांच्या आकृत्या आल्या त्या या कोंडीत, आणि जोन्स यांची अट त्या आपोआप पुरी करत होत्या.

या आकृत्या कुठून आल्या ते समजण्यासाठी १९१२ सालाकडे जावे लागते. म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून फ्रीडरिक आणि क्निपिंग या दोन संशोधकांनी एका स्फटिकावर क्ष-किरणांचा झोत सोडला आणि मागे ठेवलेल्या फोटोच्या काचेवर ठिपक्यांची सममित रचना उमटली. क्ष-किरणांची तरंगलांबी मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास असते आणि स्फटिकातील अणूंमधले अंतरही तेवढेच. त्यामुळे अणूंच्या थरांवरून परतणारे किरण काही दिशांना एकमेकांना बळ देतात आणि इतर दिशांना एकमेकांना मारून टाकतात. त्या ठिपक्यांच्या जागांवरून आणि तीव्रतेवरून अणू कुठे आहेत हे काढता येते, हे विल्यम ब्रॅग आणि लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी दाखवले. १९१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा लॉरेन्स २५ वर्षांचे होते.

सुरुवातीला मीठ, हिरा अशा सोप्या पदार्थांची रचना तर्काने आणि पडताळ्याने उलगडली. गुंतागुंतीच्या पदार्थांसाठी मात्र इलेक्ट्रॉनांची दाटी स्फटिकात कुठे किती आहे, याचा हिशेब मांडावा लागे. त्यासाठी शेकडो, कधी हजारो तरंगांची बेरीज करावी लागे, आणि ती हाताने. बीव्हर्स आणि लिप्सन या दोघांनी १९३० च्या दशकात आकडे छापलेल्या कागदी पट्ट्यांचे संच तयार केले. पेटीतून हव्या त्या पट्ट्या काढायच्या, एकाखाली एक मांडायच्या आणि उभी बेरीज करत जायचे. अशा महिनोन्‌महिन्यांच्या कामातून एका जाळीदार कागदावर आकडे भरले जात. मग सारखे आकडे असलेले बिंदू रेषेने जोडायचे. भूगोलाच्या नकाशात समान उंचीची ठिकाणे समोच्च रेषांनी जोडतात, तीच ही पद्धत. जिथे रेषा दाट होत जाऊन शिखर बनते तिथे अणू. जिथे सपाट मैदान, तिथे पोकळी. या रेषा संशोधक स्वतःच्या हाताने, शाईने काढत. त्या काळच्या स्फटिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत चित्रकलेचा हात हे कामाचे हत्यार होते, आणि या नकाशांचे सौंदर्य त्या हातांतूनच आले आहे, हे विसरून चालत नाही.

ते सौंदर्य प्रयोगशाळेबाहेर नेण्याची कल्पना हेलन मेगॉ यांची. १९०७ मध्ये डब्लिनला जन्मलेल्या मेगॉ केंब्रिजला स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्या हाताखाली तयार झाल्या. बर्फाच्या स्फटिकाची मापे त्यांनी घेतली; अंटार्क्टिकाजवळच्या एका बेटाला त्यासाठी त्यांचे नाव देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फिलिप्स कंपनीत काम करताना त्यांनी बेरियम टायटनेट या पदार्थाची रचना शोधली. विद्युत उपकरणांतील कपॅसिटरसाठी हा पदार्थ पुढे फार महत्त्वाचा ठरला. १९४६ पासून त्या केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत आणि गर्टन कॉलेजमध्ये होत्या. मेगॉ यांना भरतकामाची आवड होती. १९३७ मध्ये मैत्रीण डोरोथी हॉजकिन यांचे लग्न झाले तेव्हा ॲरागोनाइट या खनिजाची स्फटिकरचना भरलेली एक उशी त्यांनी आहेर म्हणून दिली. पुढच्या साऱ्या उपक्रमाचे बीज त्या उशीत होते, असे म्हणता येईल.

१९४६ मध्ये मेगॉ यांनी ‘डिझाइन रिसर्च युनिट’ या संस्थेचे मार्कस ब्रमवेल यांना पत्र लिहिले. आपल्या कामात ज्या आकृत्या सहज तयार होतात त्या अतिशय सुंदर असतात, त्या काढणाऱ्याचा हेतू केवळ स्पष्टता आणि अचूकता एवढाच असतो. वॉलपेपर आणि कापडाच्या डिझायनरांनी त्या एकदा पाहाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. कल्पना आवडली, पण पुढे काही घडले नाही. युद्ध नुकतेच संपले होते. कागद, कापड, लाकूड, सगळ्याचीच टंचाई होती.

कल्पनेला वाट मिळाली ती तीन वर्षांनी आणि तीही दुसऱ्या एका स्फटिकशास्त्रज्ञ स्त्रीमुळे. कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये बेंझिनचे वलय सपाट असते हे क्ष-किरणांच्या साहाय्याने सिद्ध केले होते. १९४५ मध्ये रॉयल सोसायटीने प्रथमच दोन स्त्रियांना सदस्यत्व दिले, त्यांपैकी त्या एक. मे १९४९ मध्ये औद्योगिक कलावंतांच्या एका अभ्यासवर्गात त्यांनी स्फटिकांवर व्याख्यान दिले आणि मेगॉ यांनी काढलेल्या आकृत्यांचा उल्लेख केला. श्रोत्यांमध्ये मार्क हार्टलंड थॉमस होते. व्यवसायाने वास्तुकार असलेले हे गृहस्थ सरकारने १९४४ मध्ये स्थापन केलेल्या ‘कौन्सिल ऑफ इंडस्ट्रियल डिझाइन’चे मुख्य औद्योगिक अधिकारी होते. देशी कारखान्यांचा माल देखणा आणि चांगला व्हावा, हे या मंडळाचे काम. थॉमस यांना या आकृत्यांत दोन गोष्टी एकत्र सापडल्या: कापड आणि वॉलपेपरला लागणारी पुनरावृत्ती जुन्या परंपरेला धरून होती, आणि रूप असे की ते आधी कोणी पाहिलेच नव्हते, कारण ते दाखवणारे तंत्रच चाळीस वर्षांपूर्वी जन्मले होते.

समोर संधीही होती. १९५१ मध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ हा राष्ट्रीय उत्सव भरायचा होता. शिधापत्रिका अजून चालू होत्या, बाँबने उद्ध्वस्त झालेल्या वस्त्या तशाच पडल्या होत्या. अशा देशाला पुढच्या दिवसांचे चित्र दाखवायचे, हा उत्सवामागचा विचार होता आणि त्या चित्राच्या मध्यभागी विज्ञान होते. हिरोशिमानंतर ‘अणू’ हा शब्द लोकांच्या मनात भीतीशी जोडला गेला होता. औषधे, खनिजे, प्रथिने, नायलॉन यांच्या रचना दाखवणारे स्फटिकशास्त्र हा त्याच अणूचा दुसरा, जीवनाच्या बाजूचा चेहरा होता. तो लोकांच्या हाती द्यायचा तर त्यांच्या रोजच्या वस्तूंवरच तो उमटायला हवा, ही थॉमस आणि मेगॉ यांची दृष्टी फार दूरची होती.

मेगॉ या समूहाच्या शास्त्रीय सल्लागार झाल्या. त्यांनी सहकाऱ्यांकडून नकाशे मागवले. हॉजकिन यांच्याखेरीज लॉरेन्स ब्रॅग, मॅक्स पेरुट्झ, जॉन केंड्र्यू अशा आघाडीच्या संशोधकांचे काम त्यात आले. आकृत्या त्यांनी छापण्याजोग्या करून घेतल्या, प्रत्येकीला क्रमांक दिला आणि कारखान्यांच्या डिझायनरांकडे पाठवल्या. बाजारात आलेल्या मालालाही हे क्रमांक तसेच राहिले: ‘इन्सुलिन ८.२५’, ‘हिमोग्लोबिन ८.२६’, ‘अफविलाइट ८.४५’. रंग कोणते घ्यायचे आणि आकृती किती मोठी करायची, हे डिझायनरने ठरवायचे. आकृतीचा गाभा मात्र बदलायचा नाही, असा मेगॉ यांचा आग्रह होता. नुसते ‘स्फटिकासारखे काहीतरी’ त्यांना नको होते. सर्वांनीच हा आग्रह सारखा पाळला असे नाही. काहींनी नकाशाचा तुकडा उचलून त्याला मनाजोगी कलाटणी दिली. पण आज पाहताना जाणवते ते असे की जिथे मूळ नकाशा जसाच्या तसा राहिला, तिथेच नक्षीला दम आहे. बदललेल्या नमुन्यांत ती इतर कोणत्याही सजावटीइतकीच साधी होऊन जाते.

वॉलपेपर छापण्याच्या तंत्राने या कामाला मोठी साथ दिली. जुन्या पद्धतीत कोरीव लाकडी ठोकळे किंवा उठावदार रूळ वापरत. प्रत्येक रंगाला वेगळा रूळ आणि तो तयार करण्याचा खर्च इतका, की हजारो गुंडाळ्या खपतील याची खात्री असल्याशिवाय कारखानदार नवी नक्षी हाती घेत नसे. जॉन लाइन कंपनीने स्क्रीन प्रिंटिंगची वाट धरली होती. चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीवर नको तो भाग बुजवायचा, वरून रंग ओतायचा आणि रबराच्या पट्टीने ओढायचा. रंग उघड्या भागातूनच खालच्या कागदावर उतरतो. येथेही प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, पण ती बनवायला खर्च कमी आणि थोड्या प्रती काढणे परवडते. शिवाय हाताने काढलेल्या बारीक, सलग रेषेचे वळण स्क्रीनमध्ये जसेच्या तसे उतरते. समोच्च रेषांच्या नकाशाला यापेक्षा योग्य तंत्र नव्हते. याच कंपनीने त्याच वर्षी लुसिएन डे यांच्यासारख्या तरुण डिझायनरांचेही वॉलपेपर काढले. नव्या नक्षीवर पैसा लावण्याची तयारी आणि ते परवडवणारे तंत्र या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या होत्या.

आता पुन्हा इन्सुलिनकडे. १९२१–२२ मध्ये टोरंटोत इन्सुलिन वेगळे काढण्यात आले आणि मधुमेहाने मरू घातलेली मुले वाचू लागली. डोरोथी क्रोफूट, म्हणजे लग्नानंतरच्या हॉजकिन, यांच्याकडे १९३४ मध्ये त्याचे स्फटिक आले आणि त्यांनी त्यांची पहिली क्ष-किरण छायाचित्रे घेतली. अणू कुठे आहेत ते त्यावरून लगेच कळणे शक्य नव्हते. छायाचित्रावर तरंगांची तीव्रता मिळते, पण ते तरंग एकमेकांच्या तुलनेत किती पुढे-मागे आहेत, म्हणजे त्यांची कला कोणती, ही माहिती हरवते. ती नसेल तर इलेक्ट्रॉनांचा खरा नकाशा काढता येत नाही.

या अडचणीवर आर्थर पॅटरसन यांनी १९३४ मध्ये एक अर्धी वाट काढली. फक्त तीव्रता घेऊन बेरीज केली तरी एक नकाशा मिळतो. त्यात अणूंची ठिकाणे नसतात. कोणत्याही दोन अणूंमधले अंतर आणि दिशा असते. एखाद्या गावातील घरांचा पत्ता न देता, प्रत्येक घरापासून इतर प्रत्येक घर किती लांब आणि कोणत्या बाजूला आहे एवढेच सांगावे, तसा हा प्रकार. पाच अणू असतील तर अशा नकाशात २० शिखरे येतात. हायड्रोजन सोडला तर इन्सुलिनच्या एका रेणूत सुमारे ४०० अणू आहेत, तेव्हा त्यातील जोड्यांची संख्या दीड लाखाच्या वर जाते. ही सगळी शिखरे एकमेकांवर चढून मऊ, सावकाश वळणाऱ्या टेकड्या बनतात. ‘इन्सुलिन’ वॉलपेपरवरच्या रेषांना जो वाहता, जवळजवळ सजीव डौल आहे त्याचे मूळ येथे आहे. दुसरी गोष्ट सममितीची. इन्सुलिनच्या स्फटिकात तिहेरी फिरती सममिती असते. पॅटरसन नकाशात ‘अ’पासून ‘ब’कडे जाणाऱ्या प्रत्येक अंतराच्या जोडीला ‘ब’पासून ‘अ’कडे जाणारे उलट अंतर असतेच, त्यामुळे सममिती आणखी वाढते आणि नकाशा मूळ स्फटिकापेक्षाही अधिक नेटका दिसतो.

म्हणजे १९५१ मध्ये भिंतीवर चिकटवलेला हा नकाशा पाहून इन्सुलिनच्या रेणूची रचना जगात कोणालाही सांगता आली नसती, हॉजकिन यांनाही नाही. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनच्या दोन साखळ्यांपैकी एका साखळीतील अमिनो आम्लांचा क्रम प्रसिद्ध केला. दुसरीचा यायला आणखी दोन वर्षे लागली. हिमोग्लोबिनचेही तसेच. पेरुट्झ यांच्या नकाशावरून बर्नार्ड रोलंड यांनी टायसाठी रेशमी कापडाची नक्षी केली, तेव्हा पेरुट्झ यांना रचना सापडायला आठ वर्षे बाकी होती. एरवी विज्ञानाचे शोध पुरे झाले की मग सजावटीत उतरतात. या समूहातील प्रथिनांच्या नक्ष्या मात्र शोध अर्ध्यावर असतानाच छापल्या गेल्या. त्या उत्तराच्या नक्ष्या नाहीत, प्रश्नाच्या आहेत, आणि या उपक्रमाचे खरे मोल त्यातच आहे.

खनिजांच्या आकृत्यांना ही अडचण नव्हती. अफविलाइट हे कॅल्शियम, सिलिकॉन आणि पाणी यांपासून बनलेले खनिज दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या हिऱ्याच्या खाणीत प्रथम सापडले. सिमेंट पाण्यात कालवल्यावर जी संयुगे बनतात त्यांच्याशी त्याचे नाते असल्याने मेगॉ यांनी त्याची रचना उलगडण्याचे काम हाती घेतले होते. या समूहात सर्वाधिक लोकप्रिय ठरलेल्या आकृत्यांत ती एक होती. वॉर्नर अँड सन्स कंपनीसाठी मारियान स्ट्राउब यांनी तिच्यावरून ‘सरे’ नावाचे पडद्याचे कापड विणले. मागावर विणताना रेषा छपाईसारखी मुक्तपणे वळत नाही. उभ्या-आडव्या धाग्यांच्या पायऱ्यांतून तिला जावे लागते. स्ट्राउब स्वतः मागावर काम करत डिझाइन करणाऱ्या असल्याने त्यांनी ही मर्यादा ओळखून आकृती मोठी आणि ठसठशीत ठेवली. या साऱ्या उपक्रमातील ही सर्वांत उत्तम कृती मानायला हरकत नाही.

४ मे १९५१ रोजी लंडनमध्ये टेम्स नदीच्या दक्षिण काठावर उत्सवाचे मुख्य प्रदर्शन लोकांसाठी खुले झाले. पाच महिन्यांत सुमारे ८५ लाख लोकांनी ते पाहिले. नदीकाठच्या ‘रेगाटा रेस्टॉरंट’मध्ये स्फटिकांच्या नक्ष्या एकत्र मांडल्या होत्या. या उपाहारगृहाच्या दोन वास्तुकारांपैकी एक मिशा ब्लॅक होते, म्हणजे मेगॉ यांनी ज्या संस्थेला पाच वर्षांपूर्वी पत्र लिहिले होते तिच्याच संस्थापकांपैकी एक. पडद्यांना ‘सरे’चे कापड होते, आणि ताटल्यांपासून मेनूकार्डापर्यंत अनेक वस्तूंवर स्फटिक होते. साउथ केन्सिंग्टनमध्ये विज्ञानाचे वेगळे प्रदर्शन भरले होते. तेथे प्रेक्षक कागद आणि पेन्सिलीपासून सुरुवात करून, दालनामागून दालने ओलांडत, आपण स्वतःच लहान होत आहोत अशा अनुभवातून अणूपर्यंत पोचत. तिथल्या चित्रपटगृहाच्या प्रवेशदालनातही या समूहाच्या नक्ष्या होत्या. थॉमस यांनी या आकृत्या आणि त्यांवरून बनलेल्या वस्तू यांचे एक सचित्र पुस्तकही त्या वर्षी काढले.

‘अणुयुगातील शैली’ म्हणून जे सांगितले जाते त्यात या नक्ष्यांसोबत आणखी पुष्कळ गोष्टी मोडतात, आणि त्यांच्यात फरक करायला हवा. काठीच्या टोकाला रंगीत गोळे असलेले जॉर्ज नेल्सन यांच्या कार्यालयाचे घड्याळ, गोळ्यांच्या पायांच्या खुर्च्या, अणूभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या लंबवर्तुळांचे टेबलावरचे पत्रे, हे सगळे अणु-रेणूंच्या प्रतिकृतींची आठवण करून देणारे होते. त्यांत अणूची खूण आहे, एखाद्या विशिष्ट पदार्थाची माहिती नाही. लुसिएन डे यांचे ‘कॅलिक्स’ हे १९५१ मधील प्रसिद्ध कापड तर स्फटिकांशी संबंधितच नाही. त्याच्या आकारांचे मूळ वनस्पतींत आहे. याउलट ब्रुसेल्सचे ‘ॲटोमियम’ मेगॉ यांच्या वाटेने जाणारे आहे. १९५८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेली ही १०२ मीटर उंच वास्तू म्हणजे लोखंडाच्या स्फटिकाचा एक एकक कोष, १६५ अब्ज पट मोठा केलेला: आठ कोपऱ्यांवर आठ गोल आणि मधोमध नववा.

व्यापाराच्या दृष्टीने पॅटर्न ग्रुपचे आयुष्य थोडे ठरले. काही नक्ष्या केवळ प्रदर्शनापुरत्या बनल्या. ज्या दुकानात गेल्या त्यांपैकी फार थोड्या टिकल्या. एकतर सर्व माल एका उत्सवाशी जोडला गेला होता आणि उत्सव संपताच तो जुना वाटू लागला. ऑक्टोबर १९५१ मध्ये सरकार बदलले आणि दक्षिण काठावरच्या बहुतेक इमारती पाडण्यात आल्या. रॉयल फेस्टिव्हल हॉल तेवढा उरला. दुसरे कारण नक्षीतच होते. समोच्च रेषांची नियमित आवर्तने छोट्या तुकड्यात मोहक दिसतात, पण पूर्ण खोलीच्या चारही भिंतींवर ती दाट आणि अस्वस्थ करणारी ठरू शकतात. लहान घरात राहणाऱ्या ग्राहकाने फुलांकडेच परत जाणे पसंत केले तर त्याला दोष देता येत नाही. पडदा, टाय, बशी अशा मर्यादित जागेत या नक्ष्या अधिक शोभल्या.

विसरल्या गेलेल्या या कामाकडे पुन्हा लक्ष गेले ते लेस्ली जॅक्सन या डिझाइनच्या इतिहासकार स्त्रीमुळे. २००८ मध्ये लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये त्यांनी या नक्ष्यांचे प्रदर्शन भरवले आणि त्यांवर पुस्तकही लिहिले. मेगॉ यांना ते पाहता आले नाही. २००२ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. १९८९ मध्ये अमेरिकेच्या खनिजशास्त्र संस्थेचे रोबलिंग पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. मूळ वॉलपेपर आणि कापडांचे नमुने आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

ज्या नकाशांवरून ही नक्षी उचलली त्यांचा शोधही पुढे पूर्ण झाला. पेरुट्झ आणि केंड्र्यू यांना प्रथिनांच्या रचनेसाठी १९६२ मध्ये, तर हॉजकिन यांना पेनिसिलिन आणि ब१२ जीवनसत्त्वासाठी १९६४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. इन्सुलिनची रचना हॉजकिन यांच्या हाती लागली ती १९६९ मध्ये, पहिल्या छायाचित्रानंतर ३५ वर्षांनी. ती उलगडणाऱ्या त्यांच्या गटात एम. विजयन हे भारतीय संशोधक होते. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राची भारतातील परंपरा उभी केली.